हिमालयाच्या वाटेवरचे हमाल

शहराच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडणारा रस्ता आमच्या हर्सूलवरून जातो. पुढे फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा करीत तो घाट उतरतो आणि खानदेशातून बुऱ्हाणपूरकडे वळतो. दरवाजाचे नावच सांगते की हा रस्ता एकेकाळी कुठे जात होता. आता या रस्त्यावर तलाव आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, अलीकडे जाधववाडीचा मोंढा आहे आणि दिवसभर ट्रकांची रांग आहे. याच हर्सूलमध्ये आम्ही एका उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात उर्दूतून शिकवतो, मुलांशी दखनीत बोलतो आणि लिहायचे झाले की मराठीत लिहितो. ही तीन भाषांची कसरत या अंकाच्या वाचकांना नवी नाही.

एकदा वर्गात भिंतीवर भारताचा नकाशा टांगून आम्ही हिमालय शिकवत होतो. रांगा, खिंडी, नद्या, उंची असे सगळे फळ्यावर लिहून झाले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, उप्पर अपने लोगां बी गए क्या कब्बी?"

आम्ही लगेच उत्तर दिले. आपल्याच जिल्ह्याच्या ग्रामीण पोलीस दलातले शिपाई रफीक शेख १९ मे २०१६ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, हे सांगितले. मुले खूश झाली. पण तो मुलगा तिथे थांबला नाही. "उनके पहले?" त्याने विचारले. उनके पहले? आम्हाला चटकन एक नाव आठवले, तेही २०२० सालच्या बातम्यांमुळे. लडाखमधल्या गलवान खोऱ्याला ज्यांचे नाव मिळाले ते गुलाम रसूल गलवान, इंग्रज साहेबांच्या मोहिमांत सामान वाहणारे आणि घोडे सांभाळणारे, असे आम्ही सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "तो फिर वो बी हमालइच था ना सर?"

त्याचे वडील जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करतात. पोती वाहून वाहून त्यांच्या खांद्याला घट्टा पडला आहे. मुलाला उत्तर हवे होते ते एखाद्या राजाचे, सरदाराचे, शूरवीराचे. आणि आम्ही त्याला पुन्हा त्याच्या घरचाच माणूस दाखवला, असे त्याला वाटले. त्या दिवशी तासाची घंटा झाली म्हणून आमची सुटका झाली. पण प्रश्न आमच्या मागे लागला. हिमालयात आपली माणसे गेली होती का? गेली असतील तर कोण म्हणून गेली? आणि हमाल म्हणून गेली असतील तर त्यात कमीपणा आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले ते या लेखात मांडतो. हिमालय आम्ही पाहिलेला नाही. आमची चढाई दौलताबादचा किल्ला आणि गोगाबाबाची टेकडी यापलीकडे नाही. ही सफर पुस्तकांतली आहे.

सुरुवात आपल्या शहरातूनच करू. पाणचक्कीला कोण गेले नाही? तिथे ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे. बुखाऱ्याहून दख्खनला यायचे म्हणजे हिंदुकुश ओलांडून काबूलला उतरायचे आणि तिथून हिंदुस्थानात. हिंदुकुश हा हिमालयाचा पश्चिमेकडचा शेजारी. ज्या बुजुर्गांच्या नावाने आपण पाणचक्कीच्या हौदाकाठी बसतो, त्यांचे नावच मुसाफिर आहे आणि तो मुसाफिर बर्फाचे डोंगर ओलांडून आलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर आमच्या हर्सूलच्या नदीच्या वरच्या अंगाने निघते. म्हणजे त्या मुसाफिराच्या तकियाला पाणी आमच्या बाजूने गेले. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांना हर्सूलचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

आता खऱ्या उंच वाटेकडे जाऊ. लडाखमधील लेह ते चिनी तुर्कस्तानातील यारकंद ही शेकडो वर्षे चालू असलेली व्यापारी वाट होती. लेहहून निघालेला कारवाँ खारदुंग ला चढायचा, नुब्रा खोऱ्यात उतरायचा, मग हिमनदीने भरलेला सासेर ला, पुढे देपसांगचे उजाड पठार आणि शेवटी काराकोरम खिंड, उंची सुमारे ५,५४० मीटर. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे. म्हणजे आपण जिथे राहतो त्याच्या जवळजवळ दहापट उंचीवरून घोडे, याक, माणसे आणि ओझी जात होती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळपास निम्मा असतो. छाती तेवढीच फुगते, पण आत जाणारा प्राणवायू निम्माच. वाटेवर गवत नाही, जळण नाही. दाणागोटा सगळा बरोबर न्यायचा. मेलेल्या जनावरांच्या हाडांचे ढीग वाट दाखवत असत, असे एकामागून एक प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

या वाटेवरचा सर्वांत जुना आणि तपशीलवार लेखक मुसलमान आहे. त्याचे नाव मिर्झा हैदर दुघलात. बाबर बादशहाचा हा मावसभाऊ. १५३२ साली यारकंदचा सुलतान सईद खान याच्या फौजेबरोबर तो काराकोरम ओलांडून लडाखात उतरला आणि पुढे तिबेटच्या दिशेने गेला. ही स्वारी होती, तीर्थयात्रा नव्हती, हे लपवण्याचे कारण नाही. पण मिर्झा हैदरने 'तारीख-ए-रशीदी' या आपल्या फारसी ग्रंथात एक गोष्ट नोंदवली, ती आजच्या गिर्यारोहकालाही ओळखीची वाटेल. उंचीवर माणसाला धाप लागते, मळमळते, डोके फुटते, झोप लागत नाही, जीभ जड होते आणि वेळेवर खाली उतरवले नाही तर माणूस मरतो. या आजाराला त्याने नाव दिले आहे 'दमगीरी'. दम म्हणजे श्वास, गीरी म्हणजे पकड. श्वास पकडणारा आजार. आपण मराठीत 'दम लागला' म्हणतो तो हाच दम. गोगाबाबाच्या टेकडीवर मुलांना नेले तेव्हा अर्ध्या वाटेत बसलेल्या मुलांना आम्ही हा शब्द शिकवला. खाली उतरेपर्यंत सगळा वर्ग 'दमगीरी, दमगीरी' ओरडत होता.

सुलतान सईद खान मात्र या दमगीरीतून वाचला नाही. १५३३ साली लडाखहून यारकंदला परतताना, काराकोरम खिंडीच्या अलीकडे, तो वाटेतच वारला. त्या परिसरातल्या एका पडावाचे नाव दौलत बेग ओल्दी. तुर्कीत 'ओल्दी' म्हणजे मेला. मोठा माणूस, दौलतवंत माणूस जिथे मेला ती जागा. आज तिथे आपल्या हवाई दलाची धावपट्टी आहे, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर. बातम्यांत हे नाव येते तेव्हा ते कुठून आले हे कोणी सांगत नाही. सुलतान असो की हमाल, त्या उंचीवर श्वास सर्वांना सारखाच मोजून मिळतो.

तीनशे वर्षांनंतर याच वाटेवर वेगळ्या प्रकारची माणसे दिसू लागली. १८१२ साली मीर इज्जतुल्लाह दिल्लीहून निघाले. विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज अधिकाऱ्यासाठी त्यांनी काश्मीर, लेह, यारकंद, काशगर, समरकंद, बुखारा, बल्ख, काबूल असा प्रचंड फेरा केला आणि मंजिल-दर-मंजिल फारसीत नोंदी केल्या. मूरक्रॉफ्टचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत ठळक आहे. पण त्याच्या आधी हा मुलूख पाहून आलेला माणूस मीर इज्जतुल्लाह होता.

१८५७ साली अॅडॉल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधकाचा काशगरला शिरच्छेद झाला. गोऱ्या माणसाला तिकडे पाठवणे धोक्याचे ठरले. तेव्हा भारतीय सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी वेगळी युक्ती काढली. व्यापाऱ्याच्या वेषात देशी माणसाला मोजमाप शिकवून पाठवायचे. या युक्तीचा पहिला प्रयोग कोणावर झाला? आपल्या पुस्तकांत पंडित नैनसिंग रावत यांचे नाव येते आणि ते रास्तच आहे. १८६५-६६ मध्ये जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजत ते ल्हासाला पोहोचले. पण त्यांच्या आधी, १८६३ च्या उन्हाळ्यात, मोहम्मद हमीद नावाचा एक मुन्शी लपवलेली उपकरणे घेऊन लेहहून निघाला होता. काराकोरम ओलांडून तो यारकंदला पोहोचला, तिथल्या कडाक्याच्या थंडीत राहिला, रात्री तारे पाहून वेध घेतले, थंडीच्या नोंदी ठेवल्या. १८६४ साली परत येताना लेहच्या अलीकडे डोंगरातच त्याचा अंत झाला. पुढे त्याचे कागद माँटगोमेरींच्या हाती आले आणि यारकंद नकाशावर नेमके कुठे आहे हे जगाला त्या कागदांवरून कळले. माणूस डोंगरात राहिला, कागद परत आले.

इथे आमच्या मनात एक शंका येते आणि ती वाचकांपासून लपवणे बरे नाही. ही सगळी माणसे साम्राज्याच्या चाकरीत होती. एका अर्थाने हेरगिरीच करीत होती. त्यांचा गौरव कसा करायचा? आमचे मत असे की पोटासाठी केलेली चाकरी आणि त्या चाकरीत दाखवलेली हिंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साम्राज्याचा हेतू साम्राज्याच्या खात्यावर मांडावा. पण बर्फात तारे मोजणाऱ्या बोटांची मेहनत तरी त्या बोटांच्या मालकाच्या नावावर मांडावी.

एव्हरेस्टची उंची ज्या सर्वेक्षणातून मोजली गेली त्याचा धागा तर आपल्या महाराष्ट्रातून जातो. दक्षिणेकडून उत्तरेकडे देश मोजत निघालेले कर्नल विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर आजही वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी वऱ्हाडातून पुढे नेले. या कामासाठी लागणारी कोन मोजण्याची अवजड यंत्रे, थिओडोलाइट, अतिशय नाजूक असत. ती बिघडली तर विलायतेला पाठवावी लागत. ती इथेच दुरुस्त करणारे आणि घडवणारे कारागीर होते अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. १८४३ साली ते सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार झाले. या पदावर त्यांच्या आधी विलायतेहून आणलेला इंग्रज कारागीर होता. १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार यांनी गणित मांडले, १८५६ साली पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि १८६५ साली त्या शिखराला नाव मिळाले एव्हरेस्ट यांचे, ज्यांनी ते शिखर मोजले नव्हते. गणित बंगाली बाबूचे, यंत्रांची निगा अर्काटच्या कारागिराची, खांब खांद्यावर वाहून नेणारे खलाशी गावोगावचे. नाव मात्र साहेबाचे. नावे कोण देतो यावर इतिहास कोणाचा हे ठरते, ते असे.

म्हणूनच गलवान हे नाव अपवाद आहे. पृथ्वीच्या नकाशावर एका नोकराचे नाव एका नदीला लागले.

गुलाम रसूल गलवान यांचा जन्म १८७८ च्या सुमारास लेहमध्ये एका अतिशय गरीब घरात झाला. लेहमध्ये काश्मिरी आणि यारकंदी मुसलमान व्यापारी व लडाखी स्त्रिया यांच्या संततीचा 'अरगोन' नावाचा समाज आहे. कारवाँचा सगळा कारभार मुख्यतः या लोकांच्या हाती असे. घोडे भाड्याने देऊन माल पोहोचवणाऱ्याला तिकडे 'किरायाकश' म्हणत. रसूल बारा वर्षांचा असताना फ्रान्सिस यंगहजबंडच्या मोहिमेत नोकर म्हणून लागला. १८९२ मध्ये लॉर्ड डनमोरबरोबर पामीरला गेला. १८९५ मध्ये लिटलडेल दांपत्याबरोबर तिबेट ओलांडताना तो ल्हासापासून सुमारे पन्नास मैलांवर पोहोचला, पण तिथून सर्वांना परतावे लागले. पुढे तो 'कारवाँ-बाशी' म्हणजे काफिल्याचा प्रमुख झाला. १९१३-१४ च्या इटालियन डी फिलिप्पी मोहिमेतही तो होता. शेवटी लेहचा 'अक्सकल' झाला. तुर्कीत अक्सकल म्हणजे पांढरी दाढी, व्यापाऱ्यांचा मानकरी. १९२५ मध्ये तो वारला. आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या वयात त्याने काराकोरम पाहिला होता.

कारवाँ-बाशीचे काम काय असते हे समजले की 'हमालइच था ना' या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. कोणत्या घोड्यावर किती ओझे, कोणत्या मुक्कामावर किती दाणा पुरेल, सासेरच्या हिमनदीवर घोड्यांचे ओझे उतरवून याकांवर कधी चढवायचे, नदीचे पाणी दुपारी बर्फ वितळून चढते म्हणून ती पहाटे ओलांडायची, कोणाला दम लागला आहे आणि कोणी नुसता आळस करतो आहे, हे सगळे त्याने ठरवायचे. चुकले तर माणसे मरतात. बरोबर आले तर श्रेय साहेबाचे. मोंढ्यात ट्रकवर पोत्यांची थप्पी लावणारा मुकादम पाहिला की आम्हाला आता कारवाँ-बाशी आठवतो. थप्पी चुकली तर घाटात ट्रक कलंडतो, हे ड्रायव्हरपेक्षा मुकादमाला अधिक कळते.

पण रसूलने आणखी एक गोष्ट केली, जी त्याच्या काळच्या कोणत्याही हमालाने केली नाही. त्याने लिहिले. लडाखी, तुर्की, उर्दू बोलणाऱ्या या माणसाने रॉबर्ट बॅरेट या अमेरिकन प्रवाशाच्या आणि त्याच्या पत्नीच्या आग्रहावरून तोडक्यामोडक्या इंग्रजीत आपली जीवनकथा लिहून काढली. श्रीमती बॅरेट यांनी तिचे संपादन केले, पण त्याची भाषा 'शुद्ध' करून टाकली नाही. १९२३ साली केंब्रिजहून 'सर्व्हंट ऑफ साहिब्स' या नावाने ते पुस्तक निघाले. प्रस्तावना लिहिली सर फ्रान्सिस यंगहजबंड यांनी, ज्यांच्याकडे तो पोरसवदा नोकर म्हणून लागला होता त्यांनीच. उपशीर्षकात म्हटले आहे की हे मोठ्याने वाचण्याचे पुस्तक आहे. आमच्यासारख्या शिक्षकाला हे उपशीर्षक फार आवडले.

त्या पुस्तकात रसूल आपल्या आडनावाची कहाणी सांगतो. काश्मिरीत गलवान म्हणजे घोडेचोर. त्याचा पूर्वज करा गलवान हा नामांकित दरोडेखोर होता, श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा, आणि शेवटी राजाने पकडून त्याला फाशी दिली. रसूलला हे लपवता आले असते. साहेबांना काय कळणार होते? त्याने लपवले नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले पोट धरून हसली. घोडेचोराच्या वंशजाने आयुष्यभर दुसऱ्यांचे घोडे सांभाळले! पण हसून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, उसने सच्ची लिखा इसलिए अपने कू मालूम हुआ." आम्हाला इतिहासलेखनाची यापेक्षा चांगली व्याख्या सुचत नाही.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान शहीद झाले आणि हे नाव घराघरात पोहोचले. नाव पोहोचले, माणूस पोहोचला नाही.

ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय झाले याचे उदाहरण हुंझाच्या अमीर मेहदींचे आहे. १९५४ साली इटालियन मोहीम के-टू चढत होती. ३० जुलैच्या संध्याकाळी अमीर मेहदी आणि वॉल्टर बोनाटी शिखरावर जाणाऱ्या दोघांसाठी प्राणवायूचे सिलिंडर पाठीवर घेऊन सुमारे ८,१०० मीटरपर्यंत चढले. तंबू ठरलेल्या जागी नव्हता, वर हलवलेला होता. अंधार पडला. दोघांनी ती रात्र बर्फात खोदलेल्या ओट्यावर, तंबूवाचून काढली. मेहदींना दिलेले बूट तोकडे होते. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, त्यांनी वाहिलेल्या सिलिंडरांच्या आधारे दोघे इटालियन शिखरावर पोहोचले. मेहदींच्या पायांची सगळी बोटे कापावी लागली. घरी परतल्यावर त्यांनी आपली बर्फाची कुदळ नजरेआड ठेवायला सांगितली. बोनाटी लिहिता माणूस होता. तो पन्नास वर्षे भांडला आणि २००८ साली इटलीच्या अल्पाइन क्लबने त्याची हकीकत खरी मानली. मेहदी त्याआधीच, १९९९ मध्ये, वारले होते.

आणि आता ज्यांना इतिहासात नोकर म्हणूनही जागा मिळाली नाही अशा माणसांविषयी. यारकंद-काशगरकडचे हाजी शतकानुशतके हजला निघत. त्यांच्या वाटांपैकी एक काराकोरमची होती. म्हातारेकोतारे, बायका, लेकरे असा जथा ५,५४० मीटरची खिंड ओलांडून लेहला, तिथून झोजी ला करून श्रीनगरला, मग पंजाबात उतरून रेल्वेने कराचीला किंवा मुंबईला आणि तिथून जहाजाने जिद्द्याला जाई. आजच्या भाषेत हा जगातला सर्वांत लांब ट्रेक म्हणावा लागेल. पण त्यांच्याजवळ ना पिसांची जाकिटे होती, ना प्राणवायू. नमद्याचे कपडे, सत्तू आणि नियत. मुंबईहून हजची जहाजे १९९५ पर्यंत सुटत होती. आपल्या कोकणातले किती तरी मुसलमान खलाशी त्या गोदीत आणि जहाजांवर राबले. समुद्र आपल्या लोकांना ठाऊक आहे. पण त्याच जहाजात चढणारा एखादा यारकंदी म्हातारा बर्फातून चालत आला आहे, हे धक्क्यावरच्या किती जणांना कळले असेल? १९४९ नंतर ती वाट बंद झाली. कारगिलला मुन्शी अजीज भट यांच्या सराईतला माल आज संग्रहालयात पाहायला मिळतो. कारवाँ गेले, सामान राहिले.

इक्बाल यांची 'हिमाला' ही नज्म १९०१ साली लाहोरच्या 'मखजन' मासिकात आली आणि १९२४ च्या 'बांग-ए-दरा' या संग्रहात पहिल्या पानावर बसली. बांग-ए-दरा म्हणजे काफिल्याच्या घंटेचा आवाज. आम्ही वर्षानुवर्षे मुलांना या शब्दाचा अर्थ परीक्षेपुरता सांगत आलो. पण घंटा बांधलेला घोडा कोणाचा, तो हाकणारा कोण, हे आम्ही कधी विचारले नाही. मजा अशी की तो संग्रह निघाला त्याच्या वर्षभर आधी एका खऱ्या कारवाँ-बाशीचे आत्मकथन छापून आले होते. आमच्या उर्दूच्या पुस्तकात पहिले आहे, दुसरे नाही.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे. रफीक शेख यांनी २०१४ साली पहिला प्रयत्न केला. त्या वर्षी १८ एप्रिलला खुंबूच्या हिमनदीवर बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार दगावले. सरकारने अंत्यविधीसाठी म्हणून सुरुवातीला घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पा चिडले, त्यांनी काम थांबवले आणि हंगाम संपला. जगातली सर्वांत महाग चढाई ज्यांच्या पाठीवर चालते त्यांच्या जिवाची ही किंमत! २०१५ साली २५ एप्रिलला नेपाळचा भूकंप झाला, तळछावणीवर हिमलोट आला, तोही प्रयत्न गेला. तिसऱ्या खेपेस, २०१६ मध्ये, ते शिखरावर पोहोचले. महाराष्ट्र पोलीस दलातून एव्हरेस्ट गाठणारे ते पहिले. आपल्याच शहरातल्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर अवघ्या १७० मीटरवर असताना खराब हवामानामुळे परत फिरल्या आणि २१ मे २०१८ रोजी पुन्हा जाऊन माथ्यावर उभ्या राहिल्या. मुलींच्या वर्गात आम्ही हे दुसरे उदाहरण मुद्दाम सांगतो. विशेषतः परत फिरण्याचा भाग. १७० मीटरवरून परतणे हे चढण्यापेक्षा सोपे नसते.

'अपने लोगां' हा शब्द त्या मुलाने वापरला होता. लेख लिहिता लिहिता त्या शब्दाचा अर्थ आमच्यापुरता बदलला. सुरुवातीला आम्ही मुसलमान नावे शोधत होतो. ती सापडली आणि ती शोधायलाच हवी होती, कारण ती कोणी आपल्यासाठी शोधून ठेवलेली नाहीत. पण रसूलच्या काफिल्यात बौद्ध लडाखी होते. नैनसिंग कुमाऊँचे भोटिया होते. खुंबूत गाडले गेलेले सोळा जण नेपाळचे होते. आमच्या मोंढ्यातही पोते उचलताना एका बाजूला सय्यद असतो आणि दुसऱ्या बाजूला जाधव. ओझे एकच असते. आपली माणसे कोण, हे नावावरूनच नव्हे तर पाठीवरूनही ओळखता येते.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मिर्झा हैदर लिहून गेला, मीर इज्जतुल्लाह लिहून गेले, मोहम्मद हमीदचे कागद उरले, रसूल लिहून गेला. एकाने फारसीत, एकाने परक्या इंग्रजीत. भाषा घरची आहे की दारची, याची फिकीर रसूलने केली नाही. ज्या भाषेत वाचणारे होते त्या भाषेत त्याने लिहिले. उर्दू शाळेत शिकवता आणि मराठीत का लिहिता, असे आम्हाला दोन्हीकडून विचारले जाते. आमचे उत्तर आता तयार आहे. जे शेजाऱ्याच्या भाषेत लिहिले जात नाही ते शेजाऱ्याला कधी कळत नाही, आणि मग तो म्हणतो की तुम्ही कधी नव्हतातच.

लेख पुरा होण्याआधी आम्ही त्या मुलाला नकाशापुढे बोलावले. लेहपासून यारकंदपर्यंतची वाट त्याच्याकडून पेन्सिलीने ओढून घेतली. मग त्याला विचारले की, "तुझ्या अब्बांना विचारून ये, एका माणसाच्या पाठीवर ओझे कसे बांधायचे म्हणजे दम कमी लागतो." दुसऱ्या दिवशी तो वहीत चित्र काढून घेऊन आला. ओझे कमरेच्या वर, खांद्याच्या जवळ, पाठीला घट्ट चिकटलेले, आणि माणूस थोडा पुढे झुकलेला. खाली त्याने उर्दूत लिहिले होते, अब्बाने बताया. वर्गाने ते चित्र नकाशाच्या शेजारी चिकटवले आहे. ते आता तिथेच असते.